मिजली यांचा वायू आणि कॉम्प्रेसरमधले तेल

जुन्या मोटारीच्या वातानुकूलन यंत्रातील गॅस बदलताना कॉम्प्रेसरमध्ये कोणते तेल घालावे, हा प्रश्न भारतातील गॅरेजांमध्ये गेली अडीच दशके विचारला जात आहे. बंगळुरूत मोटारींच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेल्या जे. सी. रोडवरही तो विचारला जातो. एक खनिज तेल, दुसरे ‘पॅग’ म्हणून ओळखले जाणारे कृत्रिम तेल आणि तिसरे एस्टर तेल. तिन्ही दिसायला जवळपास सारखीच असतात. मात्र निवड चुकली, तर काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत कॉम्प्रेसर जाम होतो आणि मोटारमालकाला हजारो रुपयांचा भुर्दंड पडतो. ही निवड मुळात का करावी लागते, याचे उत्तर शोधू गेल्यास ते थेट एका माणसाच्या चरित्रापाशी पोहोचते. त्यांचे नाव थॉमस मिजली.

विसाव्या शतकातील रसायनशास्त्राच्या इतिहासात मिजली यांचे नाव आदराने घेतले जात असे. आज ते बहुधा दोषारोपाच्या सुरात घेतले जाते. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याचा शोध त्यांचा, आणि शीतकपाटे व वातानुकूलन यंत्रे सुरक्षित करणारा, परंतु ओझोनच्या थराला भगदाड पाडणारा वायूही त्यांचाच. एका माणसाच्या दोन शोधांनी एकाच मोटारीच्या बॉनेटखाली, इंजिनात आणि वातानुकूलन यंत्रात, कित्येक दशके शेजारी राहावे, असे उदाहरण दुसरे आढळत नाही.

शोधकांच्या घराण्यात जन्म

थॉमस मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बीव्हर फॉल्स या गावी झाला. त्यांचे वडील मोटारींच्या टायरमध्ये सुधारणा करणारे संशोधक होते. आईचे वडील जेम्स इमर्सन यांनी दाते बदलता येणाऱ्या करवतीचा शोध लावला होता. कुटुंब पुढे ओहायो राज्यातील कोलंबस येथे स्थायिक झाले आणि मिजली यांचे बालपण तेथेच गेले. १९११ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. रसायनशास्त्राची औपचारिक पदवी त्यांच्याकडे नव्हती, ही गोष्ट त्यांच्या पुढच्या कामगिरीकडे पाहता लक्षात ठेवण्याजोगी आहे. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीचा मात्र त्यांना विद्यार्थिदशेपासून छंद होता आणि आयुष्यातील दोन्ही मोठे शोध त्यांनी त्या तक्त्याकडे पाहूनच लावले.

पदवीनंतर काही काळ डेटन येथील एका रोकड यंत्रांच्या कारखान्यात आणि नंतर वडिलांच्या टायर व्यवसायात काम करून १९१६ मध्ये ते चार्ल्स केटरिंग यांच्या डेटन येथील प्रयोगशाळेत दाखल झाले. केटरिंग हे मोटारीच्या विजेवर चालणाऱ्या स्टार्टरचे जनक. त्यांच्या स्टार्टरने हँडल मारण्याचा त्रास संपवला होता. त्याच सुमारास इंजिनातील ठोक्यांची तक्रार वाढली आणि तिचा ठपकाही केटरिंग यांच्या बॅटरीवरील प्रज्वलन यंत्रणेवर येऊ लागला. पेट्रोल अवेळी पेट घेतल्याने होणारा हा खटखटाट कमी करण्याचे काम मिजली यांच्याकडे सोपविण्यात आले.

या शोधाची सुरुवात काहीशी गमतीदार आहे. बर्फात लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीच्या पानांची खालची बाजू लालसर असते. तो लाल रंग उष्णता शोषून घेत असावा, तेव्हा पेट्रोलही लाल केल्यास ते लवकर वाफ होईल, असा तर्क लढविण्यात आला. प्रयोगशाळेत लाल रंग मिळाला नाही, म्हणून आयोडीन वापरले गेले आणि ठोके खरोखरच कमी झाले. पुढे इतर लाल रंग वापरून पाहिले, तेव्हा काहीच फरक पडला नाही. गुण रंगाचा नसून आयोडीनचा होता. तर्क चुकीचा आणि निष्कर्ष उपयोगी, असा हा प्रकार होता. त्यानंतर अनिलीन, सेलेनियम, टेल्युरियम अशा अनेक पदार्थांच्या चाचण्या झाल्या. टेल्युरियमच्या संयुगाचा लसणासारखा उग्र दर्प कपड्यांना आणि अंगाला असा चिकटला, की आंघोळीनेही तो जाईना.

शिशाचे पेट्रोल

९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाची चाचणी झाली. अत्यल्प प्रमाणातही ते प्रभावी ठरले. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथील एका पंपावर शिसेमिश्रित पेट्रोलची पहिली विक्री झाली. त्याच वर्षी मिजली यांना स्वतःला शिशाच्या विषबाधेमुळे काम थांबवून फ्लोरिडात विश्रांती घ्यावी लागली होती. शिसे विषारी आहे, हे तेव्हाही गुपित नव्हते. विक्रीच्या नावात ‘शिसे’ हा शब्द येणार नाही, याची काळजी मात्र घेण्यात आली.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगारांचा मृत्यू झाला. अनेकांना भ्रम होऊन रुग्णालयात हलवावे लागले. महिनाअखेरीस मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य स्वतःच्या हातांवर ओतून घेतले आणि सुमारे मिनिटभर त्याची वाफ हुंगून दाखविली. स्वतः त्याच विषाने आजारी पडून उठलेल्या माणसाने हे करावे, याचे समर्थन करणे कठीण आहे. १९२५ मध्ये विक्री काही काळ स्थगित झाली. एका सरकारी समितीने अल्प मुदतीची पाहणी करून हरकत नसल्याचे सांगितल्यावर १९२६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि शिसे जगभर पसरले.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करण्यात आले. १ फेब्रुवारी २००० पासून शिसेमिश्रित पेट्रोल देशभर बंद झाले. या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यात बंगळुरूचा वाटा मोठा होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये याच शहरात शिशाच्या विषबाधेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या मागे असलेल्या जॉर्ज फाउंडेशन या संस्थेने भारतातील मोठ्या शहरांत रक्ततपासणी केली होती. बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात तेव्हाच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे एका डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा, अधिक शिसे त्यात आढळले. शिशाच्या विषबाधेचे राष्ट्रीय संदर्भ केंद्रही बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात उभे राहिले. जगातून शिसेमिश्रित पेट्रोल हद्दपार होण्यास २०२१ साल उजाडले. अल्जीरिया हा ते थांबविणारा शेवटचा देश होता.

तीन दिवसांत सापडलेला वायू

१९२८ मध्ये केटरिंग यांनी मिजली यांच्याकडे दुसरे काम दिले. जनरल मोटर्स कंपनीचा फ्रिजिडेअर हा शीतकपाटांचा विभाग अडचणीत होता. त्या काळी शीतकपाटांत सल्फर डायऑक्साइड, अमोनिया किंवा मिथाइल क्लोराइड हे वायू वापरले जात. पहिला गुदमरवणारा, दुसरा विषारी आणि तिखट. तिसरा अधिक फसवा होता, कारण त्याला फारसा वास नाही आणि तो पेटही घेतो. १९२९ मध्ये शिकागोत शीतकपाटांतून गळालेल्या मिथाइल क्लोराइडने अनेकांचे बळी घेतले. स्वयंपाकघरात असे यंत्र ठेवण्यास लोक कचरत होते.

मिजली यांनी आल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅक्नरी या सहकाऱ्यांसह पुन्हा आवर्तसारणी पुढ्यात घेतली. तक्त्यात डावीकडून उजवीकडे जावे तशी ज्वलनशीलता घटते आणि खालून वर जावे तशी विषाची तीव्रता कमी होते, असे त्यांच्या ध्यानात आले. दोन्ही रेषा फ्लोरीनपाशी मिळत होत्या. फ्लोरीन म्हणजे जहाल विष, अशी तेव्हा सार्वत्रिक समजूत होती. परंतु कार्बनशी घट्ट जखडलेला फ्लोरीन निरुपद्रवी ठरू शकतो, असा अंदाज बांधून तीन दिवसांत त्यांनी डायक्लोरोडायफ्लोरोमिथेन हे संयुग तयार केले. ते उणे ३० अंश सेल्सियसच्या आसपास उकळते. पुढे त्याला आर-१२ हा क्रमांक आणि फ्रिऑन हे व्यापारी नाव मिळाले.

यात दैवाचाही हात होता. संयुग बनविण्यासाठी लागणाऱ्या अँटिमनी ट्रायफ्लोराइडच्या मोजक्या पाच बाटल्या त्यांना मिळाल्या होत्या. पहिल्या बाटलीतून बनविलेला वायू गिनीपिगला हुंगायला दिला आणि तो प्राणी मजेत राहिला. दुसऱ्या बाटलीच्या वेळी गिनीपिग मेला. तपासाअंती कळले, की पाचपैकी चार बाटल्यांत पाण्याचा अंश असून त्यामुळे फॉस्जीन हा विषारी वायू तयार होत होता. आरंभीच त्या चारपैकी एखादी बाटली हाती आली असती, तर प्रयोग सोडून देण्यात आला असता.

एप्रिल १९३० मध्ये अटलांटा येथे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात मिजली यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून समोरची पेटती मेणबत्ती विझविली. वायू विषारी नाही आणि ज्वलनशीलही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. बेवेनंतरच्या प्रयोगाशी याचे बाह्य साम्य असले, तरी या वेळी त्यांचे म्हणणे खरे होते. त्याच वर्षी ड्युपाँ आणि जनरल मोटर्स यांनी मिळून उत्पादनासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली.

क्लोरीनची तीन कामे

बातम्यांच्या भाषांतरात आम्ही ‘शीतक’ असा शब्द लिहितो. गॅरेजात त्याला सरळ ‘गॅस’ म्हणतात, मग तो टाकीत द्रवरूप का असेना. या गॅसचे तेलाशी जमणे हा वातानुकूलन यंत्राचा प्राण आहे. घरातील पंपात किंवा मोटारीच्या इंजिनात तेल आपल्या जागी राहते. मोटारीच्या एसीत तसे नसते. कॉम्प्रेसरमधले तेल गॅसबरोबर बाहेर पडते, कंडेन्सरमधून जाते, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह ओलांडून कूलिंग कॉइलमध्ये शिरते आणि गॅसबरोबरच कॉम्प्रेसरकडे परतते. ते गॅसमध्ये विरघळत नसेल, तर कॉइलच्या थंडीत घट्ट होऊन तेथेच साचते. मग कॉइलचा गारवा कमी होतो, आणि इकडे कॉम्प्रेसर कोरडा पडत जातो.

मिजली यांचा आर-१२ पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या साध्या खनिज तेलात सहज विरघळत असे. हा गुण त्यातील क्लोरीनमुळे होता. क्लोरीनने आणखी एक काम केले. जेथे धातूवर धातू दाबाने घासतो, तेथे तो क्लोराइडचा एक अतिसूक्ष्म थर तयार करी आणि झीज कमी होई. म्हणजे गॅस स्वतःच वंगणाला हातभार लावत होता. त्यामुळे जवळजवळ साठ वर्षे तेल निवडण्याचा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही. योग्य जाडीचे, ओलावा आणि मेण काढलेले खनिज तेल घातले, की काम भागत असे.

क्लोरीनचे तिसरे काम मिजली यांना दिसले नाही. ते जमिनीपासून वीस-तीस किलोमीटर उंचीवर चालणार होते.

१९३९ मध्ये अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने वातानुकूलन बसवलेली पहिली मोटार विक्रीस आणली. तिच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. गारवा नको असेल, तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवावा लागे. गॅस अर्थातच मिजली यांचा होता.

अखेरची वर्षे

या काळात मिजली कीर्तीच्या शिखरावर होते. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पेटंटे होती. १९३७ मध्ये पर्किन पदक आणि १९४१ मध्ये प्रीस्टली पदक त्यांना मिळाले. १९४४ साली ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. मात्र १९४० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, पोलिओने त्यांचे पाय निकामी झाले. अंथरुणातून उठता यावे म्हणून त्यांनी दोर आणि कप्प्यांची एक रचना स्वतः तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी ओहायोतील वर्दिंग्टन येथील राहत्या घरी त्याच दोरांमध्ये अडकून त्यांचा मृत्यू झाल्याचे जगाला समजले. अधिकृत नोंद आत्महत्येची झाली. ते ५५ वर्षांचे होते. आपला वायू आकाशात काय करतो, हे त्यांच्या हयातीत कोणालाच ठाऊक नव्हते. शिशाबाबत मात्र असे म्हणता येत नाही.

ओझोन, माँट्रियल आणि भारत

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी दाखवून दिले, की हे क्लोरोफ्लोरोकार्बन वायू, म्हणजेच सीएफसी, खालच्या वातावरणात विघटित होत नाहीत. आर-१२ चे रेणू सुमारे शंभर वर्षे टिकतात, वर पोहोचतात आणि तेथील अतिनील किरणांनी त्यांतला क्लोरीन सुटा होतो. सुटा क्लोरीन ओझोनचे हजारो रेणू नष्ट करतो. ज्या स्थैर्यामुळे हा वायू स्वयंपाकघरात सुरक्षित ठरला, तेच येथे घातक ठरले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या छिद्राची बातमी आली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करारावर सह्या झाल्या.

भारत या करारात उशिरा, १९९२ मध्ये सामील झाला आणि त्यामागे कारण होते. १९९० च्या लंडन बैठकीत तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी यांनी तंत्रज्ञान आणि निधीशिवाय विकसनशील देशांनी भार का उचलावा, अशी भूमिका घेतली होती. त्या बैठकीत बहुपक्षीय निधी स्थापन झाला, हे भारत आणि चीनसारख्या देशांच्या आग्रहाचे फळ होते. भारत त्या वेळी स्वतः सीएफसी बनवत होता. मुंबईच्या मफतलाल समूहाची नवीन फ्लोरिन ही कंपनी १९६७ पासून सुरत येथे हे वायू बनवी. तिचा ‘मॅफ्रॉन’ हा ब्रँड जुन्या मेकॅनिकांना आजही आठवत असेल.

२००० साली केंद्र सरकारने ओझोन नाशक पदार्थांविषयीचे नियम लागू केले. १ जानेवारी २००३ पासून नव्या उपकरणांत सीएफसी वापरण्यास बंदी आली. दमेकऱ्यांच्या औषधी फवाऱ्यांसाठी सवलत होती. १ ऑगस्ट २००८ रोजी, मुदतीच्या सतरा महिने आधी, भारताने सीएफसीचे उत्पादन थांबविले. रस्त्यावरच्या जुन्या मोटारी मात्र एका दिवसात थांबणार नव्हत्या.

तेल बदलले, तेव्हा

नव्या मोटारींत आर-१३४ए हा गॅस आला. त्यात क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धोका नाही. पण क्लोरीनबरोबर त्याची उरलेली दोन कामेही गेली. हा गॅस खनिज तेलात विरघळत नाही आणि घर्षणाच्या जागी संरक्षक थरही तयार करीत नाही. तेव्हा तेलच बदलावे लागले. बंगळुरूत हा बदल ज्या काळात आला, त्याच काळात तेथे मोटारी आणि वाहतूककोंडी दोन्ही वाढत होत्या. एके काळी पंख्यावाचूनही चालणाऱ्या या शहरात मोटारीतला एसी ही चैन राहिली नाही. कोंडीत मोटार उभी असताना कंडेन्सरवर वारा येत नाही, आणि आर-१३४ए चा दाब तापमान वाढल्यावर आर-१२ पेक्षा अधिक चढतो. कोरड्या पडलेल्या कॉम्प्रेसरची खरी परीक्षा तेथेच होते.

कारखान्यातूनच आर-१३४ए घेऊन आलेल्या मोटारीत बहुधा पॅग तेल असते. त्यातही ४६, १०० किंवा १५० अशा वेगवेगळ्या जाडी असतात आणि कोणती घ्यायची, हे कॉम्प्रेसर बनविणारा ठरवतो. दुकानदाराच्या अंदाजावर ते सोडू नये. पॅग वंगण म्हणून उत्तम, पण पाण्याला अतिशय हावरे. पावसाळ्याच्या दमट हवेत डबा उघडा राहिला, तर ते हवेतील ओलावा भराभर ओढते. हा ओलावा यंत्रात जाऊन गंज धरतो किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो. म्हणून लहान डबा घ्यावा, काम झाले की झाकण घट्ट लावावे आणि उरलेले तेल पुढच्या गिऱ्हाइकासाठी साठवून ठेवू नये. ही शेवटची सूचना गॅरेजवाल्यांना आवडणारी नाही.

आर-१२ वर चालणारी जुनी गाडी आर-१३४ए वर न्यायची असेल, तर गणित वेगळे होते. कितीही निथळले, तरी नळ्यांत आणि कॉइलमध्ये थोडे खनिज तेल आणि क्लोरीनचा अंश मागे राहतो. पॅगचे या अंशाशी जमत नाही आणि ते खराब होऊ शकते. एस्टर तेल हा उरलेला अंश पुष्कळ सोसते, म्हणून रूपांतरासाठी बहुतेक तंत्रज्ञ त्यालाच पसंती देतात. एस्टरलाही ओलावा चालत नाही. पाण्यामुळे त्याचे तुकडे पडून आम्ल तयार होते. त्यामुळे तेल कोणतेही असो, गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंप लावून यंत्र पुरेसा वेळ कोरडे करणे टळत नाही.

तेलाबरोबर इतर गोष्टीही बदलाव्या लागतात. जुना ड्रायर काढून नव्या गॅसला चालणारा ड्रायर बसवावा लागतो, कारण जुन्यातील ओलावा शोषणारे दाणे आर-१३४ए समोर टिकत नाहीत. ओ-रिंगा नव्या प्रकारच्या रबराच्या घ्याव्या लागतात. त्या बहुधा हिरव्या असतात. गॅस जुन्या मापाच्या ८० ते ९० टक्केच भरायचा. तेल जास्त झाले, तर ते कॉइलवर पसरून गारवा घटवते. कमी झाले, तर काय होते, ते वर आलेच आहे. जुना गॅस हवेत न सोडता यंत्राने टाकीत काढून घ्यावा. हा नियम सर्वाधिक मोडला जातो, कारण त्यासाठी यंत्र विकत घ्यावे लागते, आणि हवेत सोडायला मात्र फक्त एक व्हॉल्व्ह सैल करावा लागतो. २००४ पासून राबविण्यात आलेल्या राष्ट्रीय योजनेत मेकॅनिकांना याचेच प्रशिक्षण देण्यात आले.

जुना वायू परत आला

या कथेत २०११ साली एक विलक्षण वळण आले. जहाजांवरील शीत कंटेनरांमध्ये स्फोट होऊन व्हिएतनाम आणि ब्राझील येथे तीन कामगार मरण पावले. तपासात निष्पन्न झाले, की आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ होती. स्वस्त पडतो, म्हणून भेसळ करणाऱ्यांनी तो निवडला होता. मिजली यांनी ज्या वायूला घराबाहेर काढण्यासाठी १९२८ मध्ये काम सुरू केले, तोच वायू ऐंशी वर्षांनंतर खोट्या लेबलाखाली परतला. मिथाइल क्लोराइडची ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हवा लागताच पेट घेणारा पदार्थ तयार होतो. मोटारीच्या एसीचे कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर आज प्रामुख्याने ॲल्युमिनियमचेच असतात. म्हणून अनोळखी, अतिस्वस्त टाकीतला गॅस हा फक्त गारव्याचा प्रश्न राहत नाही. स्वयंपाकाचा गॅस मोटारीच्या एसीत भरण्याचा उद्योगही याच जातीचा. तो खनिज तेलात छान विरघळतो, कॉइलही गार करतो, परंतु गळती झाली तर प्रवाशांच्या पायांपाशी ज्वालाग्राही वायू साचतो.

आर-१३४ए चेही दिवस भरत आले आहेत. तो ओझोनला धक्का लावत नसला, तरी पृथ्वी तापविण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे. (आर-१२ ची त्याहून कितीतरी अधिक, दहा हजारांवर होती.) युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत तो वापरता येत नाही. भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली असून तिच्यानुसार अशा वायूंचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. त्यांच्या जागी आलेल्या आर-१२३४वायएफ या गॅससाठी पुन्हा वेगळे पॅग तेल लागते. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर कॉम्प्रेसरची मोटर तेल आणि गॅस यांच्यातच बुडालेली असते. तेथे पॅग चालत नाही, कारण ते विजेला पुरेसा अटकाव करीत नाही. अशा कॉम्प्रेसरना ठरावीक प्रकारचे एस्टर तेलच लागते. पॅग भरण्यासाठी वापरलेली नळी न धुता त्याच गाडीला जोडली, तरी विद्युत यंत्रणेचा बचाव करणारा इन्सुलेशनचा दर्जा घसरू शकतो.

दुरुस्ती किंवा रूपांतर पूर्ण झाल्यावर कोणता गॅस, किती ग्रॅम आणि कोणते तेल भरले, हे लिहिलेली पट्टी बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवण्याची पद्धत आहे. वापरलेली मोटार विकत घेणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्याबरोबर ही पट्टीही शोधावी. ती नसेल, तर आधी यंत्रातील गॅसची तपासणी करून घ्यावी आणि मगच तेलाचा डबा उघडू द्यावा.